नवी छोटी गाडी की जुनी फोर-बाय-फोर? पैसे देण्याआधी करायच्या गोष्टी

नोकरी पुण्या-मुंबईत आणि घर किंवा जमीन संगमेश्वर, राजापूर, वेल्हे, भोर अशा भागात, असं असलं की गाडी घेताना हा प्रश्न हमखास पडतो. पाच-सहा लाखांत नवी आल्टो के-टेन येते, किंवा दोन-चार वर्षं वापरलेली स्विफ्ट येते. तेवढ्याच पैशांत दहा-बारा वर्षांची डिझेल थार सीआरडीई किंवा जिप्सी अशी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देता येणारी गाडीही मिळते. एकीकडे वॉरंटी, एसी, मायलेज. दुसरीकडे उंच, दणकट, कुठेही जाईल असं वाटायला लावणारी गाडी.

आमच्या घरात दोन्ही प्रकारच्या गाड्या राहिल्या आहेत, दोन्हींचा खर्च आणि दोन्हींचा उपयोग मी पाहिला आहे. कुठली गाडी चांगली, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तुम्हाला कुठल्या रस्त्यावरून, वर्षातून किती वेळा आणि कोणाला घेऊन जायचं आहे, एवढं आधी ठरवा. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. बहुतेक लोक पाचव्या टप्प्यापासून सुरुवात करतात, म्हणजे आधी गाडी बघायला जातात आणि मग कारणं शोधतात.

१. तुमच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट तुकडा चालत बघा

पुण्याहून गावापर्यंतचे दोनशे-अडीचशे किलोमीटर कुठलीही गाडी करते. प्रश्न असतो डांबर संपल्यावर वाडीपर्यंतच्या शेवटच्या तुकड्याचा. तो चालत बघा, शक्यतो पावसाळ्यात, आणि हातात मोजपट्टी ठेवा. बघायचं ते हे:

- दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा किती आहे. छोटी गाडी चढावर अडकण्याआधी बहुतेक वेळा इथेच पोट टेकते.
- चढ कुठे आहे आणि चढाच्या तोंडाशी वळण आहे का. वळण असेल तर वेग घेऊन चढता येत नाही.
- जमीन कसली आहे. जांभ्याचा कातळ भिजला तरी पकड देतो. त्यावर लाल मातीचा पातळ थर आला की साबणासारखा होतो.
- ओढा असेल तर पाणी गुडघ्याच्या किती खाली राहतं आणि तळाला दगड आहे की गाळ.

आता आकडे. जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची स्विफ्टला १६३ मिलीमीटर, टाटा पंचला १८७, जुन्या थारला २००, जिप्सीला २१०. हे कागदावरचे, रिकाम्या गाडीचे आकडे आहेत. पाच माणसं, तांदळाचं पोतं आणि आंब्याच्या पेट्या भरल्या की छोटी गाडी चांगलीच खाली बसते. मोजताना हे धरा.

छोट्या गाडीत फक्त पुढची चाकं ओढतात. चढावर गाडीचं वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि नेमकी ओढणारी चाकंच जागच्या जागी फिरू लागतात. त्यामुळे सपाट चिखलातून निघालेली गाडी ओल्या चढावर हरते. जुने ड्रायव्हर अशा ठिकाणी गाडी उलटी वळवून रिव्हर्समध्ये चढवतात. तेव्हा वजन ओढणाऱ्या चाकांवर येतं. आडवळणाच्या चढावर मात्र हे नवख्याने करू नये.

इथेच एक सुचवतो. वाट तुमच्या स्वतःच्या जमिनीतून जात असेल आणि खराब तुकडा पन्नास-साठ फुटांचाच असेल, तर चाकांखाली येतील अशा दोन सिमेंटच्या पट्ट्या टाकून घ्यायला किती लागेल ते गवंड्याला विचारा. गाडी बदलण्यापेक्षा ते बरंच स्वस्त पडतं, आणि गॅसचा टेम्पोही घरापर्यंत येतो.

२. फोर-बाय-फोर म्हणजे नेमकं काय मिळतं, ते समजून घ्या

थार आणि जिप्सीत गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा छोटा दांडा असतो. त्याच्या तीन जागा लक्षात ठेवा. टू-एच म्हणजे फक्त मागची चाकं चालतात, रोजचं चालवणं यावरच. फोर-एच म्हणजे चारही चाकांना जोर, चिखल आणि सैल मातीसाठी. फोर-एल म्हणजे चारही चाकांना जोर आणि वेग अगदी कमी. इंजिनचा जोर दुपटीहून जास्त वाढून चाकापर्यंत येतो. फोर-एल गाडी थांबवूनच टाकायचा.

या गाड्यांत फोर-एच किंवा फोर-एल टाकलं की पुढच्या आणि मागच्या चाकांना सारख्याच वेगाने फिरावं लागतं. वळताना मात्र पुढची चाकं जास्त अंतर कापतात. मातीवर चाकं थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत, सगळा ताण शाफ्टवर (चाकांकडे जोर नेणाऱ्या फिरत्या नळीवर) आणि गिअरवर येतो. म्हणून 'घाट आहे, पाऊस आहे, टाका फोर-एच' असं कोणी सांगितलं तरी डांबरी रस्त्यावर टाकू नका. ताम्हिणीत धुवांधार पाऊस असला तरी गाडी टू-एचमध्येच चालवायची आणि वेग कमी ठेवायचा.

ही गोष्ट नीट समजली की अर्धा निर्णय होतो: चारही चाकांचा जोर गाडीला पुढे नेतो. डांबरावर ब्रेक मारल्यावर त्याचा काही उपयोग नाही. तिथे टायर, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आणि गाडीचं वजन बोलतं. अपवाद एकच, उताराचा. ओल्या मातीच्या उतारावर फोर-एल, पहिला गिअर आणि पाय सगळ्या पेडलवरून बाजूला, अशी गाडी माणसाच्या चालीने स्वतःला रोखत उतरते. छोट्या गाडीत त्याच उतारावर ब्रेक दाबला की चाकांची पकड सुटते आणि गाडी घसरत जाते. ज्यांची वाडी खोल दरीत आहे, त्यांना फोर-बाय-फोरची खरी किंमत चढताना नाही, उतरताना कळते.

आणि उंच गाडी म्हणजे फोर-बाय-फोर नव्हे. पंचसारख्या गाड्या दिसायला एसयूव्ही असल्या तरी ओढतात पुढचीच चाकं. जुन्या बोलेरो आणि स्कॉर्पिओंपैकी बहुतेक फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या आहेत. मागच्या पत्र्यावर '४×४' अक्षरं चिकटवायला शंभर रुपये पुरतात. खाली वाकून पुढच्या हौसिंगकडे, म्हणजे दोन चाकांमधल्या गिअरच्या पेटीकडे, जाणारा शाफ्ट आहे का, ते स्वतः बघा.

३. गाडीत कोण बसणार ते ठरवा

जुन्या थारमध्ये आणि जिप्सीत मागचे बाक समोरासमोर, आडवे असतात. आत शिरायचं तर मागच्या दारातून वाकून. सत्तरीच्या आजीला हे जमत नाही, आणि जमलं तरी तीन तासांच्या प्रवासात पाठ धरते. मुलांचं तर विचारूच नका. आडव्या बाकावर चाइल्ड सीट बसत नाही, पट्टा असला तरी अपघातात तो हवा तसा धरत नाही. माझं स्पष्ट मत आहे: घरात लहान मूल असेल आणि ही एकमेव गाडी असणार असेल, तर जुनी थार-जिप्सी घेऊ नका. हौस नंतरही भागवता येते.

सुरक्षेचा हिशेब तारखांवरून करता येतो. भारतात नव्या येणाऱ्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून. म्हणजे २०१२ ची थार घेतलीत तर त्यात एबीएसही नाही, एअरबॅगही नाही. मे २०२४ मध्ये आलेल्या स्विफ्टमध्ये सहा एअरबॅग आणि ईएसपी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) सगळ्या मॉडेलमध्ये आहेत. खंडाळ्याच्या उतारावर पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला, तर तुम्हाला चार चाकांच्या जोरापेक्षा हे जास्त लागणार आहे.

४. वर्षाचा हिशेब कागदावर मांडा

खरेदीची किंमत बाजूला ठेवा. वर्षाला दहा हजार किलोमीटर, पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये धरून मांडतो. तुम्ही तुमच्या पंपावरचा भाव घाला.

स्विफ्टचं कंपनीचं मायलेज २४.८० आहे. शहर आणि घाट मिळून १७ धरा, म्हणजे इंधन साधारण ६१,००० रुपये. जुनी थार ११ देते असं धरलं तर साधारण ८३,००० रुपये. जिप्सी पेट्रोलवर चालते, तिला १० धरा, म्हणजे १,०४,००० रुपये.

थर्ड पार्टी विम्याचे जून २०२२ पासूनचे दर इंजिनच्या सीसीवर आहेत: एक हजार सीसीपर्यंत २,०९४ रुपये, दीड हजारपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७, जीएसटी वेगळा. आल्टो के-टेन ९९८ सीसीची, स्विफ्ट ११९७, जिप्सी १२९८, थार सीआरडीई २४९८. प्रत्येक गाडी कुठल्या रकान्यात पडते ते लगेच दिसतं.

रिपासिंग विसरू नका. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. त्याचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झालं, वीस वर्षांपुढच्या गाड्यांना २०२५ मध्ये आणखी वाढलं. पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटून गेली तर दर महिन्याला ५०० रुपये दंड. २०१२ ची थार २०२७ मध्ये पंधरा वर्षांची होते, म्हणजे विकणारा हा खर्च तुमच्या गळ्यात घालून मोकळा होतोय का, ते तारखेवरून ओळखा.

उरला दुरुस्तीचा खर्च. नव्या गाडीत तो साधारण ठरलेला असतो. जुन्या फोर-बाय-फोरमध्ये तो कधी येईल ते ठरलेलं नसतं, हीच खरी अडचण आहे. इंजेक्टर, टर्बो, क्लच, पाचवं टायर यांसाठी गाडीच्या किमतीच्या वीस टक्के रक्कम पहिल्याच वर्षासाठी बाजूला काढता येत नसेल, तर ती गाडी तुमच्या बजेटमध्ये नाही, विकणारा कितीही कमी करू दे.

माझा कौल असा: वाईट वाट वर्षात पाच-सहा वेळाच लागत असेल, तर छोटी गाडी घ्या, आणि पावसाळ्यात ती डांबरापाशी लावून पुढे चालत जा. वाट दर आठवड्याला लागत असेल, ओळखीचा चांगला मिस्त्री असेल आणि घरात दुसरी गाडी असेल, तर जुनी फोर-बाय-फोर घ्या आणि सुखाने वापरा. नवी आणि छोटी असून फोर-बाय-फोर हवी तर जून २०२३ मध्ये आलेली जिम्नी आहे, पण ती या बजेटच्या दुपटीच्या पुढे जाते.

५. जुनी फोर-बाय-फोर तपासताना

बरोबर न्या: उजेडासाठी चांगली बॅटरी (टॉर्च), लोहचुंबक, मोठा स्क्रू ड्रायव्हर, पांढरं सुती फडकं आणि खाली झोपायला जुनी सतरंजी. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघायची. आधीच गरम करून ठेवली असेल तर सरळ दुसऱ्या दिवशी या.

आधी चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. वरचा रंग बघण्यात वेळ घालवू नका, पत्रा बदलता येतो, चासी नाही. सतरंजी टाकून खाली शिरा आणि मागच्या पाट्याचा (स्प्रिंगचा) शॅकल जिथे चासीला जोडलेला असतो, तिथे बॅटरी मारा. किनाऱ्यावरच्या गाड्यांत मीठ आणि चिखल इथेच साठतो. काळा रंग ताजा मारलेला असेल तर संशय घ्या. स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने चासीवर ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं आणि आतून गंजाच्या पापुद्र्यांची भुकटी सांडते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक आत रुतलं तर उठा, हात झटका आणि चहा पिऊन परत या. त्या गाडीवर घासाघीस करू नका. चुंबक पत्र्यासाठी: जिथे चिकटत नाही, तिथे खाली पुट्टी भरलेली आहे.

मग इंजिन. सुरू करून ऑइलचं झाकण उघडा. थोडी वाफ चालते. झाकण उडतंय, भकाभका धूर येतोय, याला गॅरेजवाले 'बॅक कंप्रेशन मारतंय' म्हणतात, आणि त्याचा अर्थ इंजिन उघडावं लागणार. सायलेन्सरचा निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. डिझेलमध्ये रेस दिल्यावर क्षणभर काळा धूर येणं वेगळं, सतत येणं वेगळं.

त्यानंतर गिअरचं, ट्रान्सफर केसचं (छोट्या दांड्याखालची, पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) आणि दोन्ही हौसिंगचं ऑइल. लेव्हलचा बोल्ट सैल करायला सांगा आणि बोट बुडवून फडक्याला पुसा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, म्हणजे गाडी ओढ्यात घातली आणि नंतर कोणी ऑइल बदललं नाही. बारीक चमकणारे कण दिसले तर दात किंवा बेरिंग झिजतंय. विकणारा हे करू देत नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

शाफ्ट हाताने धरून उलटसुलट पिळा. क्रॉस (शाफ्टचे सांधे) गेलेले असतील तर टकटक आवाज येतो. क्रॉसचा खर्च मोठा नाही, पण भाव करताना उपयोगी पडतो.

शेवटी कच्च्या रस्त्यावर चालवा. फोर-एच टाकून मातीत हळू वळा, जड वाटलं पाहिजे. मग उतारावर फोर-एल, पहिला गिअर, पाय पेडलवर नाही. गाडी चालीने उतरली पाहिजे आणि छोटा दांडा आपोआप बाहेर पडता कामा नये. वर्षानुवर्षं कोणी वापरलाच नाही म्हणून हा दांडा जाम झालेल्या गाड्या भरपूर आहेत. 'लागतो साहेब, जरा ऑइलिंग पाहिजे' एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

मॉडिफाय केलेल्या गाडीपासून जपा. जिप्सीत डिझेल इंजिन बसवलेलं असतं, थारला अवाढव्य टायर आणि बदललेलं छत असतं. कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. रिपासिंगला आणि विम्याच्या दाव्याला हे नडतं. आरसीवरचं इंधन, इंजिन नंबर आणि चासी नंबर प्रत्यक्ष गाडीवर जुळवा. लष्कराच्या लिलावातली जिप्सी स्वस्त दिसली, तर आधी आरसी मागा. 'पासिंग करून देतो' असं म्हणणाऱ्याला पैसे पासिंगनंतर.

६. वापरलेली छोटी गाडी तपासताना

इथे काम सोपं आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद मागा आणि किलोमीटर जुळवा. एक गोष्ट मात्र अजिबात सोडू नका: पुराचं पाणी. सांगली-कोल्हापूरला २०१९ मध्ये आणि चिपळूणला जुलै २०२१ मध्ये हजारो घरांत पाणी शिरलं, गाड्याही बुडाल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, खालच्या भागात मातीची रेघ दिसते का बघा. स्टेपनीचा खळगा आणि सीटखालचे स्क्रू बघा. काचा बंद करून एसी लावा आणि वास घ्या.

नवीच घेणार असाल तर सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आहे, जुन्या किमतींवरून अंदाज बांधू नका. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के रोड टॅक्स लागतो. कोटेशनमध्ये 'हँडलिंग चार्जेस' अशी ओळ असेल तर ती काढायला सांगा. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते.

७. कागदपत्रं

वापरलेली गाडी नावावर करताना लागतात:

- मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी
- फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, विकणाऱ्याच्या सह्यांसह
- कर्ज होतं तर फॉर्म ३५ आणि बँकेचं बोजा उतरवल्याचं पत्र
- गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ म्हणजे एनओसी
- दोघांचे आधार, पॅन, फोटो आणि पत्त्याचा पुरावा

पैसे देण्याआधी एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकून मालकाचं नाव, बोजा आणि पासिंगची मुदत बघा. ई-चलनं वेगळी तपासा आणि विकणाऱ्याकडूनच भरून घ्या. एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली आहे का बघा, महाराष्ट्रात ती सक्तीची आहे. दिल्ली परिसरातून स्वस्तात येणाऱ्या डिझेल गाड्यांचा मोह होतो, तिथे दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर बंधनं असल्याने त्या बाहेर काढल्या जातात. इथे आणल्यावर रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो, तो धरून किंमत काढा.

विमा स्वतःच्या नावावर करायला चौदा दिवसांची मुदत असते. ती चुकली आणि अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. एजंटला काम दिलं तरी पावती तुमच्या मोबाइलवर आली पाहिजे.

८. गाडी घरी आल्यावर पहिला आठवडा

छोटी गाडी असेल तर टायर, वायपर आणि स्टेपनीची हवा बघा, खाली इंजिनला गार्ड लावून घ्या. कच्च्या वाटेवर ऑइल पॅन फुटण्यापासून तो वाचवतो.

जुनी फोर-बाय-फोर असेल तर कोणी काहीही सांगितलेलं असो, इंजिन, गिअर, ट्रान्सफर केस आणि दोन्ही हौसिंगचं ऑइल बदला, सगळे फिल्टर बदला, ब्रेक उघडून साफ करा, सगळ्या ग्रीस पॉइंटना ग्रीस मारा. पाची टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले ठेवा, नाहीतर फोर-एचमध्ये शाफ्टवर ताण येतो. गाडीत ओढायचा जाड पट्टा, फावडं आणि दोन फळ्या ठेवा. महिन्यातून एकदा मातीत नेऊन छोटा दांडा दोन-तीनदा टाकून काढा, म्हणजे तो जाम होत नाही. आणि ज्या तुकड्यासाठी ही गाडी घेतली, तो पहिल्यांदा कोरड्यात, एकट्याने, माणसं उतरवून करून बघा.